हिशेब मागण्याचा अधिकार

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या औरंगाबादच्या, क्रांती चौकातून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यास अदालत रोड म्हणतात, कारण जिल्हा न्यायालय त्याच्या कडेला आहे. आणि पूर्वेकडे जाणारा जालना रस्ता धरला तर मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ लागते. दोन न्यायासनांच्या मध्ये असलेला हा चौक स्वतःही एका निवाड्याचा साक्षी आहे. १८५७ साली हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील ज्या शिपायांनी इंग्रजांचा हुकूम मोडला, त्यांना येथेच, काळा चबुतरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, देहान्त शासन झाले. सरकारी दफ्तरात ते बंडखोर ठरले. पुढच्या पिढ्यांनी मात्र तो निवाडा मान्य केला नाही आणि जागेला क्रांतीचे नाव दिले. आजही ज्यांना राज्यकर्त्यांपुढे काही गाऱ्हाणे मांडावयाचे असते ते याच चौकात धरणे धरतात, निदर्शने करतात. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा निघाला तोही येथूनच.

ज्या ठिकाणी लोकमताने एकदा दरबारी निवाडा फिरविला, त्या ठिकाणाहून एका अवघड प्रश्नाचा विचार आरंभावा हे मला सयुक्तिक वाटते. तो प्रश्न असा, की प्रख्यात उद्योजकाची द्रव्याविषयीची वृत्ती आणि त्याची नीती यांचा न्याय समाजाने कोणत्या पुराव्यावर करावा? या शहराला तो पुस्तकी प्रश्न नाही. अदालत रोडने पुढे नगर नाक्यावरून वाळूजला जावे, पैठणच्या रस्त्याने चितेगावला जावे, किंवा जालना रस्त्याने चिकलठाण्यास जावे. तिन्ही दिशांना या शहराची दोन पिढ्यांची उपजीविका कोणा ना कोणा उद्योगपतीच्या मर्जीशी, दूरदृष्टीशी वा दुर्दैवाशी बांधली गेलेली आढळेल.

सामान्यतः आपण धनवंताचा न्याय तीन गोष्टींवरून करतो: त्याने दान किती केले, तो राहतो किती साधेपणाने, आणि त्याचा धंदा चालला की बुडाला. हे तीनही पुरावे कच्चे आहेत. दानावरून द्रव्य कोठे गेले ते समजते, कोठून आले ते समजत नाही. साधेपणा हा गुण खराच, परंतु तो ज्याच्या त्याच्या देहापुरता असतो. जाडेभरडे नेसणाऱ्या सावकारानेही कुळांच्या जमिनी गिळल्याचे दाखले महाराष्ट्राच्या इतिहासात विपुल आहेत. आणि यशापयशाचे म्हणाल तर, बुडालेला प्रत्येक व्यापारी लबाड व तरलेला प्रत्येक व्यापारी सचोटीचा असे मानणाऱ्या समाजाला नीतीचा विचार करण्याची गरजच उरत नाही. माझ्या मते या विषयात खरा पुरावा एकच आहे, आणि तो असा, की ज्या माणसाचे बरेवाईट त्या धनवंताच्या हाती आहे त्याला, म्हणजे कामगाराला, कुळाला, ठेवीदाराला, गिऱ्हाइकाला, त्याच्याकडे हिशेब मागता येतो काय, आणि मागितल्यावर तो हिशेब मिळतो काय.

ही कसोटी बाहेरून आणलेली नाही. याच शहराजवळच्या देवगिरीच्या किल्ल्यावर किल्लेदार जनार्दनस्वामींच्या दफ्तराचे काम पाहणाऱ्या एकनाथांना एका पैची चूक सापडेना म्हणून त्यांनी रात्र जागून काढली आणि ती सापडताच हर्षाने टाळी वाजविली, ही आख्यायिका मराठवाड्यातील मुलांना आजी-आजोबांकडून ऐकावयास मिळते. कीर्तनकार तिचे तात्पर्य चित्ताच्या एकाग्रतेकडे नेतात आणि ते योग्यच आहे. परंतु ती पै किल्लेदाराच्या दफ्तरातील, म्हणजे परक्याच्या मालकीची होती, आणि परक्याच्या पैसाठी झोप घालविणे हेही एक शील आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते. देहूच्या तुकोबांची गोष्ट याहून बोलकी आहे. वैराग्य आल्यावर त्यांनी घरच्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात असते. त्याआधी त्यांनी त्या कागदांच्या दोन वाटण्या केल्या, धाकटा भाऊ कान्होबा याचा हिस्सा त्याच्या हवाली केला आणि केवळ आपल्या वाट्याचे कागद पाण्यात सोडले, हे परंपरेने जपलेले तपशील सहसा कोणी सांगत नाही. त्यागाच्या ऐन भरातही, दुसऱ्याचे धन सोडून देण्याचा आपल्याला अधिकार नाही हे भान ज्याला राहते, त्याच्याच त्यागाला नैतिक मोल येते.

याच्या उलट बाजूचा इतिहासही आपलाच आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि तो दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांना हवे होते ते रोखे, खते आणि वह्या, आणि त्या हाती लागताच त्यांनी त्यांची होळी केली. कारण उघड होते. वही सावकाराच्या घरी, लिहिणारा सावकाराचा, वाचता येई ते सावकाराला, आणि न्यायालयात मात्र कागदावरील अंगठा अखेरचा. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यातील सर्वांत महत्त्वाची तजवीज व्याजाच्या दराविषयी नव्हती. रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याजावर व्याज किती चढविले, याची तहकिकात करण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, ही ती तजवीज होय. ऋणको प्रथमच धनकोकडे हिशेब मागू शकला. महाराष्ट्रातील धनविषयक नीतीचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या कायद्याला एक स्वतंत्र प्रकरण द्यावे असे मला मनापासून वाटते.

आता ज्या पुरुषाच्या निमित्ताने हा विषय आपल्याकडे सर्वाधिक चर्चिला गेला, त्या जमनालाल बजाज यांच्याकडे वळतो. वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना ज्या घराण्याचा, त्या घराण्याचे ते मूळपुरुष. जन्म १८८९ चा, राजस्थानातील सीकरजवळच्या खेड्यातला. बालपणीच ते वर्ध्याचे सधन व्यापारी बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. १९०७ साली, वय अवघे सतरा असताना, दागिने घालण्यासारख्या क्षुल्लक कारणावरून दत्तक आजोबा बच्छराज यांनी कठोर शब्द उच्चारले आणि आपल्या संपत्तीचा उल्लेख करून मुलाला टाकून बोलले. जमनालाल घराबाहेर पडले आणि त्यांनी लिहून दिले की या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, ती आपण धर्मकार्यास लावावी. आजोबांना पश्चात्ताप झाला, मुलाला परत आणले गेले, आणि थोड्याच काळात वृद्धाचा अंत होऊन सर्व इस्टेट त्याच मुलाकडे आली. येथे दुसऱ्या कोणी तो कागद विसरून टाकला असता तर त्याला दोष देणारा कोणी नव्हता. कायद्याच्या दृष्टीने त्या फारकतीस विशेष वजन नव्हते, आणि ती ज्याला लिहून दिली तो हयात नव्हता. चरित्रकार सांगतात की जमनालालांनी तो कागद आपल्यावर बंधनकारक मानला. वारशाची रक्कम ही आपली नाही, आपल्याकडे ठेव आहे, असे धरून ती पुढे सार्वजनिक कार्याकडे वळती केली. जेथे हिशेब मागणारा कोणीच उरला नव्हता तेथे त्यांनी तो स्वतःच मागितला. त्यांच्या पुढील सर्व देणग्यांपेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो.

देणग्याही लहान नव्हत्या. रायबहादुरकीची पदवी त्यांनी असहकारितेच्या काळात सरकारला परत केली. वकिली सोडणाऱ्यांच्या कुटुंबांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. १९२० पासून मृत्यूपर्यंत ते काँग्रेसचे खजिनदार राहिले. १९२८ साली वर्ध्याचे घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, तेव्हा स्वजातीचा रोष पत्करला. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावात राहावयास गेले, जे पुढे सेवाग्राम झाले, त्याची मालगुजारी मुख्यतः जमनालालांची होती. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा गांधीजींनी लिहिले की धनिकांनी आपल्या धनाचे विश्वस्त व्हावे असे आपण म्हणत आलो, त्या प्रत्येक वेळी आपल्या नजरेसमोर प्रामुख्याने हाच वणिक होता. पती गेल्यावर जानकीदेवींनी आपली खाजगी मालमत्ता गोसेवेच्या कार्यास वाहिली.

परंतु जमनालालांच्या जीवनात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे त्यांचे स्तुतिपाठक पुरेसे पाहत नाहीत. त्यांनी आपल्याभोवती अशी माणसे जाणूनबुजून आणली की जी त्यांना विचारू शकत होती. १९२१ मध्ये विनोबा वर्ध्यास आले ते त्यांच्या आग्रहावरून, आणि वयाने लहान असलेल्या त्या ब्रह्मचाऱ्याला त्यांनी गुरुस्थानी मानले. गांधीजींना त्यांनी बाप म्हणून मागून घेतले, तो केवळ भक्तीचा आविष्कार नव्हता. ज्याच्यापुढे दिनचर्येचा व मनाच्या दुबळेपणाचाही जाब द्यावा लागेल असा एक वडीलधारा त्यांना हवा होता. त्यांच्या पत्रव्यवहारात आत्मपरीक्षणाचा, स्वतःच्या उणिवा कबूल करण्याचा जो स्वर आहे तो दानशूरांच्या चरित्रांत दुर्मिळ असतो.

आणि तरीही येथेच एक गंभीर आक्षेप उभा राहतो. हे सर्व परीक्षक जमनालालांनी स्वतः निवडलेले होते. शेगावच्या कुळाने, जिनिंग कारखान्यातील हमालाने, त्यांच्याकडे कोणत्या अधिकाराने हिशेब मागावा? विश्वस्त म्हटला की त्याच्यावर हिताधिकाऱ्याचा दावा चालतो, तो कर्तव्यास चुकला तर न्यायालय त्याला पदच्युत करते. मग जो विश्वस्त स्वतःच्याच नियुक्तीने विश्वस्त झाला, त्याला दूर कोणी करावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला, त्यात या विश्वस्तपणाच्या कल्पनेचा त्यांनी कठोर शब्दांत अव्हेर केला. आणि याच औरंगाबादेत पाच वर्षांनी त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभारले. ज्या मराठवाड्यात निजामी अमलाखाली शिक्षण दुर्मिळ होते तेथे त्यांनी धनिकाच्या अंतःकरणपालटाची वाट पाहिली नाही. ज्याला जाब विचारावयाचा आहे त्यालाच लिहिता-वाचता व कायदा समजता यावा अशी तजवीज केली. नागसेनवनातील त्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला शेटजींची वही वाचता येते, हा नैतिक विचारात पडलेला मोठा फरक आहे. आंबेडकरांचा आक्षेप मला मूलतः मान्य आहे; मात्र त्यामुळे जमनालालांचे व्यक्तिगत चारित्र्य कमी होते असे मला वाटत नाही. व्रत हे व्रतस्थापुरते खरे असते. ते इस्टेटीबरोबर वारशाने उतरत नाही, एवढाच त्यातून निघणारा बोध आहे, आणि तो पुढच्या पिढ्यांचा न्याय करताना फार उपयोगी पडतो.

१९८५ साली वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि औरंगाबादचे रूप पालटले. कोरडवाहू गावांतील मुले कारखान्यात लागली, त्यांच्यामागे सुटे भाग करणाऱ्या शेकडो लघुउद्योगांची वस्ती उभी राहिली, घरांचे व दुकानांचे भाव बदलले. जमनालालांचे पुत्र कमलनयन बजाज यांच्या नावाचे रुग्णालय शहरात उभे आहे आणि मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांना त्याचा आधार वाटतो. या सर्वांमागे जमनालालांचे नातू असलेल्या ज्या राहुल बजाज यांची जिद्द होती, त्यांचा न्याय लोकांनी परस्परविरोधी रीतीने केला आहे. परवान्यांच्या राज्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नोंदणी करून थांबावे लागे, आणि हाती आलेली गाडी त्याच दिवशी अधिक किमतीस विकता येई. तेव्हा काहींना वाटले की या टंचाईवरच हे घराणे पोसले. उलट, राहुल बजाज यांची तक्रार अशी होती की आपल्याला अधिक गाड्या बनवावयाच्या आहेत व सरकारचा परवाना आड येतो. परवान्यापेक्षा अधिक उत्पादन केल्याबद्दल तुरुंगात जाण्याचीही आपली तयारी आहे, असे ते म्हणत. पुढे १९९३ मध्ये, परदेशी भांडवलाशी झुंजण्यापूर्वी देशी उद्योगांना समान संधी मिळावी अशी मागणी करणाऱ्या उद्योगपतींत ते अग्रभागी होते, तेव्हा त्यांना संरक्षणवादी म्हटले गेले. २०१९ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या समोर, भर सभेत, उद्योजकांना सरकारवर टीका करण्याची भीती वाटते असे त्यांनी सांगितले, तेव्हा त्यांच्याच निर्भयतेची वाखाणणी झाली. स्वतः राज्यसत्तेकडे हिशेब मागणारा धनिक आपल्या देशात विरळा आहे, आणि त्याबद्दल त्यांना मान दिलाच पाहिजे.

त्याच घराण्याच्या वाळूज कारखान्यात २०२० च्या जून-जुलैमध्ये आलेला प्रसंग मात्र वेगळी साक्ष देतो. करोनाची लागण अडीचशेहून अधिक कामगारांना झाली, काही दगावले, आणि कामगार संघटनेने काही दिवस कारखाना बंद ठेवण्याची विनंती केली. विषाणूसह जगावयास शिकले पाहिजे, अशी कंपनीची भूमिका होती, आणि कामावर न येणाऱ्यास वेतन मिळणार नाही असे कळविण्यात आले. कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते: कारखाना थांबला तर पुरवठादारांची साखळी थांबते, आणि हातावर पोट असणाऱ्या हजारो कुटुंबांवर त्याचा घाला पडतो. हे सर्व मान्य करूनही मला असे वाटते की जिवाच्या भयाने मागितलेल्या काही दिवसांच्या सवलतीचा विचार करताना कामगाराचा शब्द व्यवस्थापनाच्या शब्दाइतकाच जड धरला जावयास हवा होता. आणि त्या घराण्याच्या मूळपुरुषाचे नाव आपण ज्या आदराने घेतो, त्या आदरापोटीच हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

चितेगावची कथा याहून कष्टदायक आहे. नंदलाल धूत यांच्या घराण्याने आणि विशेषतः वेणुगोपाल धूत यांनी व्हिडिओकॉनच्या रूपाने या शहराला असा लौकिक मिळवून दिला की भारतातील घराघरांत औरंगाबादेतून निघालेला दूरचित्रवाणी संच पोहोचला. येथील माणसाला त्याचा सार्थ अभिमान होता. २०१८ च्या जूनमध्ये कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले. सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे मान्य दावे, आणि त्यांच्यापोटी पुढे आलेला प्रस्ताव २,९६२ कोटींचा. न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये तो मंजूर करतानाही धनकोंना सोसाव्या लागणाऱ्या तुटीविषयी विस्मय नोंदविला, आणि २०२२ च्या जानेवारीत अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. आयसीआयसीआय बँकेने समूहाला दिलेल्या ३,२५० कोटींच्या कर्जांबाबत सीबीआयने २०१९ मध्ये गुन्हा नोंदविला, २०२२ च्या डिसेंबरात धूत यांना अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. आरोप म्हणजे निवाडा नव्हे, हे ज्या चौकाच्या दोन्ही अंगांना न्यायालये आहेत तेथील माणसाने तरी विसरू नये. परंतु फौजदारी अपराध सिद्ध होवो अथवा न होवो, एक नैतिक प्रश्न उरतोच: बँकेचा पैसा हा अखेर ठेवीदाराचा पैसा, आणि ज्या ठेवीदाराच्या बचतीतून ते कर्ज गेले त्याला, कर्ज देतेवेळी वा बुडतेवेळी, कोणी काही विचारले काय? सावकाराची वही १८७९ साली कुळाला उघडून मिळाली. बँकेची वही आजही, बहुतांशी, बुडाल्यानंतरच उघडते.

कायद्याने काही मार्ग उघडले आहेत हे नमूद केले पाहिजे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. शाळांच्या भिंतींवर व गावच्या पाणवठ्यांवर देणाऱ्या कंपनीच्या नावाची पाटी लागते ती बहुधा याच कलमामुळे. याने कामे होतात, आणि जलसंधारणाचे एखादे काम दुष्काळी गावाला किती मोलाचे असते हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. तथापि या व्यवस्थेत दान सक्तीचे झाले आणि जाब ऐच्छिक राहिला. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हा प्रश्न त्या पाटीखाली झाकून जाण्याचा धोका आहे.

दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्यातील त्रेपन्नावे कलम त्या दृष्टीने अधिक विचारार्ह आहे. कंपनीचे विसर्जन झाले तर आधीच्या चोवीस महिन्यांचे कामगारांचे थकीत वेतन हे तारणधारक धनकोंच्या बरोबरीच्या पंक्तीस बसविले आहे, आणि बुडालेल्या कारखान्याच्या कामगाराला बँकेशेजारी उभे राहून आपले मागणे मांडता येते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तो हक्क ज्याच्या नावाची नोंद कंपनीच्या पटावर आहे त्याच्या पदरात सहज पडतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे आज कामावर जाणाऱ्यांपैकी पुष्कळांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागते. कारखाना बदलतो, ठेकेदार बदलतो, वहीही बदलते, आणि मूळ मालकाशी त्यांचा संबंध जोडणारा दस्तऐवज त्यांच्यापाशी क्वचितच असतो. उद्योजकांच्या नीतीचा शोध घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाने चरित्रे, ताळेबंद व न्यायालयांचे निकाल अवश्य वाचावेत. पण आरंभ त्याने या माणसांच्या कैफियतीपासून करावा, आणि ती लिहून घेताना प्रत्येकाला त्याच्या मालकाचे नाव विचारावे.